तर्कशातून सुटलेले ब्रह्मोस : एका रचनेचे रसग्रहण

२२ मे २०१३ रोजी गोव्याच्या किनाऱ्यापासून दूर, अरबी समुद्रात, ‘आयएनएस तर्कश’ने ब्रह्मोस क्षेपणास्त्र सोडले. नौदलात दाखल होऊन तिला जेमतेम सहा महिने झाले होते. तिच्याच वर्गातल्या ‘आयएनएस तेग’ने ७ ऑक्टोबर २०१२ रोजी याच पाण्यात हीच परीक्षा दिली होती. अशा चाचण्यांच्या चित्रफिती आपल्याकडे बातमीच्या शेवटी काही सेकंद दाखवतात. धूर, ज्वाळा, अभिमानाचे एखादे वाक्य, की संपली बातमी. मी या चित्रफिती आवाज बंद करून पाहतो आणि त्यातले पहिले काही क्षणच पुन्हा पुन्हा पाहतो. ब्रह्मोसच्या रचनाकारांचे कौशल्य त्या क्षणांत जेवढे दिसते तेवढे पुढच्या शेकडो किलोमीटरांत दिसत नाही.

डेकवरचे झाकण उघडते. आठ मीटरांहून लांब, तीन टन वजनाचे ते धूड नळीतून वायूच्या दाबाने सरळ वर फेकले जाते. क्षणभर ते जहाजाच्या डोक्यावर उभेच राहिल्यासारखे वाटते. मग नाकाजवळून एक बारीक आडवी ज्वाळा निघते आणि एवढे मोठे शरीर क्षितिजाकडे झुकते. विरुद्ध बाजूने तसाच एक फूत्कार येतो, झुकणे थांबते. नाकावरची टोपी उडून समुद्रात पडते, मागचे बूस्टर पेटते, आणि चौकटीत धूर तेवढा उरतो.

गाण्याच्या मैफलीत आपण ‘ही जागा बघा’ म्हणतो, तशी ही टोपी मला या रचनेतली सर्वांत सुंदर जागा वाटते. ब्रह्मोसच्या नाकाशी हवा आत घेणारे उघडे तोंड आहे. नळीतून बाहेर पडताना त्यात पाणी, तुषार, धूर जाऊन चालणार नाही, म्हणून झाकण हवे. क्षेपणास्त्र उभे निघते आणि आडवे जायचे असते, म्हणून ते वळवायला छोटी इंजिने हवीत. ती जर अंगात बसवली तर शेवटपर्यंत ओझे म्हणून वाहावी लागतील. रचनाकारांनी ती झाकणातच बसवली. झाकण झाकण्याचे काम करते, मग वळवण्याचे काम करते, आणि दोन्ही झाली की गळून पडते. पुढच्या प्रवासात त्याचा एक ग्रॅमही भार नाही.

उभे सोडण्याचा अट्टाहास कशासाठी, हेही पाहिले पाहिजे. फेब्रुवारी २००३ मध्ये ‘आयएनएस राजपूत’वरून ब्रह्मोस पहिल्यांदा जहाजातून उडाले तेव्हा ते तिरक्या पेटीतून उडाले होते. तिरकी पेटी एका बाजूला तोंड करून बसते आणि डेकवरची जागा खाते. १८ डिसेंबर २००८ रोजी ‘आयएनएस रणवीर’वरून उभ्या नळीतून चाचणी झाली आणि सगळा मामला डेकखाली गेला. आता लक्ष्य कोणत्याही दिशेला असो, जहाजाने वळण्याची गरज नाही, कारण वळायचे ते क्षेपणास्त्रच हवेत वळते. तेग, तर्कश आणि त्रिकंड या तिघींच्या पोटात अशा आठ-आठ नळ्या आहेत.

पुढचा भाग इंजिनाचा. साधे जेट इंजिन म्हणजे भाता लावलेली लोहाराची भट्टी. पुढची पाती गरगर फिरून हवा दाबतात, मग ती भट्टीत जाते. ब्रह्मोसच्या रॅमजेटमध्ये हा भाताच नाही. धावण्याच्या वेगानेच हवा तोंडातून आत कोंबली जाते. तोंडातल्या शंकूवर आघाती तरंग उभे राहतात, त्यांच्यातून जाताना हवा मंदावते, दाबली जाते, तापते. तिच्यात केरोसीनच्या जातीचे इंधन फवारले की काम झाले. हवेच्या वाटेत फिरणारा एकही भाग नाही. अडचण एकच, पण मुळातली: जागेवर थांबलेले रॅमजेट कधीच सुरू होत नाही. त्याला आधी कोणीतरी आवाजाच्या वेगापलीकडे पळवावे लागते.

हे काम घन इंधनाचे बूस्टर काही सेकंदांत करते. ज्या रशियन ओनिक्सपासून ब्रह्मोस घडले, त्याच्या रचनेत हे बूस्टर बसवले आहे ते थेट रॅमजेटच्या ज्वलनकक्षात. बूस्टर जळून संपले की समोरून घुसणारी हवा त्याचे रिकामे कवच मागे ढकलून देते आणि मोकळी झालेली तीच जागा दुसऱ्या इंजिनाची भट्टी होते. क्षेपणास्त्राची लांबी वाचली, वजन वाचले. तोंडातल्या शंकूचेही तसेच. तो हवेला आवर घालतो आणि त्याच्याच पोटात लक्ष्य हुडकणारे रडार बसलेले असते. टोपीला दोन कामे, शंकूला दोन कामे, ज्वलनकक्षाला दोन कामे. या रचनेत एकेरी अर्थाचे अवयव फार थोडे सापडतात, आणि माझ्या मते तिच्या देखणेपणाचे हेच कारण आहे. बाहेरून पाहिले तर ती एक गुळगुळीत नळी आहे, छोट्या पंखांची. तिच्यात नजरेत भरावे असे काही नाही.

ही नळी मॉस्कोजवळच्या रेउतोव गावातल्या ‘एनपीओ माशिनोस्त्रोयेनिया’ या संस्थेतून आली. व्लादिमीर चेलोमेय यांनी उभी केलेली ही संस्था. पुढे हर्बर्ट येफ्रेमोव्ह तिचे मुख्य रचनाकार झाले. ओनिक्सचे काम सोव्हिएत काळात सुरू झाले आणि सोव्हिएत संघ कोसळल्यावर पैशांवाचून रखडले. आखाती युद्धाने १९९१ मध्ये क्रूझ क्षेपणास्त्रांची करामत जगाला दाखवली होती आणि भारताला तसे अस्त्र हवे होते. एकाकडे जवळजवळ तयार रचना, दुसऱ्याकडे गरज आणि थोडे पैसे. १२ फेब्रुवारी १९९८ रोजी मॉस्कोत करार झाला. भारताच्या बाजूने सही केली ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी, रशियाच्या बाजूने एन. व्ही. मिखाइलोव यांनी. त्यातून उभ्या राहिलेल्या संयुक्त कंपनीत भारताचा वाटा ५०.५ टक्के, रशियाचा ४९.५. नाव ब्रह्मपुत्रा आणि मॉस्क्वा या दोन नद्यांवरून घेतले. डीआरडीओचे ए. शिवतनु पिल्लई हे कंपनीचे पहिले प्रमुख. १२ जून २००१ रोजी ओडिशातल्या चांदीपूरहून पहिले उड्डाण झाले. गंमत अशी की खुद्द रशियाच्या नौदलाने ओनिक्स रीतसर स्वीकारले ते २००२ मध्ये.

रशिया हा देश गोव्यातल्या आमच्या पेडणे तालुक्याला परका नाही. मोरजी, आश्वे, हरमल या किनाऱ्यांवर रशियन पाट्या आणि रशियन मेनूकार्डे आता कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. तिथल्या शॅकवाल्याला कामापुरती रशियन येते. पण भारत आणि रशिया यांच्यातला सर्वांत गंभीर संवाद त्या किनाऱ्यांवर झाला नाही. तो ऑक्टोबर २०१६ मध्ये दक्षिण गोव्यात, बाणावलीला, ब्रिक्स परिषदेच्या वेळी झाला. १५ ऑक्टोबरला मोदी आणि पुतिन यांची भेट झाली, आणि तर्कशच्याच जातीच्या आणखी चार युद्धनौकांचा करार त्या भेटीत मार्गी लागला. त्यांतल्या दोन वास्कोच्या गोवा शिपयार्डात बांधायच्या होत्या. त्यांच्याकडे शेवटी येईन.

आता आशयाकडे. ब्रह्मोस एका विधानावर उभे आहे: समोरच्याला वेळ मिळू द्यायचा नाही. बाकी सगळे या एका वाक्यातून निघते. आवाजाच्या २.८ पट वेग म्हणजे तेरेखोलच्या किल्ल्यापासून काणकोणातल्या पोळेपर्यंत, गोव्याची उत्तर-दक्षिण अख्खी लांबी, सुमारे दोन मिनिटांत. क्षेपणास्त्र आधी १५ किलोमीटरपर्यंत उंच जाते, कारण तिथली हवा विरळ आहे आणि इंधन पुरते. शेवटच्या टप्प्यात ते खाली उतरते आणि लाटांपासून अवघ्या दहाएक मीटरांवरून जाते. पृथ्वी गोल आहे ही गोष्ट इथे शस्त्राच्या कामी येते. जहाजाचे रडार वीस मीटर उंचीवर आहे असे धरले, तर दहा मीटरांवरून येणारी वस्तू त्याला तीसेक किलोमीटरांच्या अलीकडेच दिसू लागते. साधे, आवाजाहून कमी वेगाचे क्रूझ क्षेपणास्त्र हे अंतर कापायला जवळजवळ दोन मिनिटे घेते. ब्रह्मोसला अर्धे-पाऊण मिनिट पुरते. तेवढ्यात त्याला ओळखायचे, ते कुणाचे हे ठरवायचे, तोफ किंवा क्षेपणास्त्र वळवायचे आणि नेम धरायचा. ज्या जहाजावर ते आदळणार, तिथल्या खलाशांना त्याचा आवाज आधी ऐकू येत नाही. तो मागून येतो.

वेग तिप्पट झाला की गतिज ऊर्जा नऊपट होते. स्फोटकाचा भाग दोनशे-तीनशे किलोचा, अशा अस्त्राच्या मानाने फार अवाढव्य नाही; उरलेले काम खुद्द शरीराचा वेग करतो. पण या विधानाची किंमतही रचनेला चुकवावी लागते, आणि रसिकाने ती बघितली नाही तर त्याचे रसग्रहण नुसती स्तुती होईल. ओनिक्सचेच उदाहरण घ्या. उंचावरून जाऊन शेवटी खाली उतरले तर ते तीनशे किलोमीटर जाते. सगळा प्रवास लाटांलगत केला तर दाट हवेशी झुंजत इंधन संपते आणि पल्ला सव्वाशेच्या आत येतो. लपायचे की लांब जायचे, यात निवड करावीच लागते. दुसरी किंमत उष्णतेची. १५ किलोमीटर उंचीवर बाहेर उणे ५६ अंशांची थंडी असते, तरी या वेगाला नाकाशी अडवलेली हवा २८० अंशांच्या आसपास तापते. खाली, दाट आणि उबदार हवेत, त्याहून जास्त. साधे ॲल्युमिनियम या तापात बळ गमावते, तेव्हा टायटॅनियम आणि खास पोलादांकडे वळावे लागते. या सांगाड्यांचे बरेचसे काम मुंबईत, विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात झाले आहे.

धातूंचा विषय निघाला की आम्हा गोंयकारांना मनोहर पर्रीकर आठवणारच. ते आयआयटी मुंबईचे धातुशास्त्राचे अभियंते. ब्रह्मोसच्या कहाणीतला एक अंक त्यांच्या संरक्षणमंत्रिपदाच्या काळात घडला. ब्रह्मोसचा अधिकृत पल्ला वर्षानुवर्षे २९० किलोमीटर सांगितला जाई. हा आकडा अभियंत्यांनी काढलेला नव्हता. क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्था नावाचा एक आंतरराष्ट्रीय समझोता आहे. पाचशे किलोचे ओझे तीनशे किलोमीटरपलीकडे नेऊ शकणारी अस्त्रे त्यातल्या देशांनी बाहेरच्यांना द्यायची नाहीत, असा त्याचा दंडक. रशिया त्याच्या आत, भारत बाहेर. म्हणून २९०. एखाद्या कवीला वृत्ताने बांधावे तसे या रचनेला एका कराराने बांधले होते, आणि मला वाटते त्या बंधनाने तिचे नुकसान झाले नाही. पल्ला वाढवता येत नव्हता, तेव्हा सगळे कसब अचूकपणावर, उभ्या डोंगरकड्यामागे कोसळण्यावर, वेगवेगळ्या वाहनांवरून सोडण्यावर खर्च झाले. २७ जून २०१६ रोजी भारत त्या व्यवस्थेचा सदस्य झाला. ११ मार्च २०१७ रोजी वाढीव पल्ल्याचे ब्रह्मोस चांदीपूरहून उडाले. दोनच दिवसांनी पर्रीकरांनी संरक्षणमंत्रिपद सोडले आणि १४ मार्चला ते पणजीत पुन्हा मुख्यमंत्री झाले. आज पेडण्यात मोपाच्या सड्यावरच्या विमानतळाला त्यांचे नाव आहे.

मूळ एक आणि पाठभेद अनेक, ही ब्रह्मोसची दुसरी खूण. ओनिक्स जहाजांच्या शिकारीसाठी घडले होते. भारताने त्याला जमिनीवरचे लक्ष्य ओळखायला शिकवले, आणि तिथे एकदा सपशेल चुकले. २० जानेवारी २००९ रोजी पोखरणला नव्या प्रतीची चाचणी झाली. उड्डाण नीट झाले, नेम मात्र हुकला. समुद्रावर जहाज एकटे असते, भोवती पाणी. जमिनीवर घरांच्या गर्दीतून नेमके एक घर शोधायचे म्हणजे वेगळेच वाचन. सहा आठवड्यांनी, ४ मार्चला, तीच प्रत नेमकी लागली. २० मार्च २०१३ रोजी विशाखापट्टणमजवळ पाण्याखालच्या तराफ्यावरून ब्रह्मोस वर आले. सर्वांत अवघड पाठ हवेतला. तीन टनांचे ओझे सुखोईच्या पोटाखाली मावेना, म्हणून ते अडीच टनांवर आणले; विमानाला वेग आणि उंची आधीच असते, तेव्हा बूस्टर लहान करता आले. विमानाची हाडे मजबूत करण्याचे काम नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये झाले. २५ जून २०१६ रोजी तिथून ब्रह्मोस पोटाशी घेऊन सुखोई पहिल्यांदा उडाले आणि २२ नोव्हेंबर २०१७ रोजी बंगालच्या उपसागरावर ब्रह्मोस सुखोईवरून सुटले. या अस्त्रात अस्सल भारतीय प्रतिभा कुठे, असे कोणी विचारले तर मी पहिले बोट या पाठाकडे दाखवीन. मूळ रचनेला धक्का न लावता तिला वेगळ्या आवाजात गायला लावणे हे मोठे काम आहे.

वर्तमानपत्रे ब्रह्मोस कायम वीररसात वाचतात. मला त्यात अद्भुत दिसतो आणि त्याच्या तळाशी भयानक. ९ मार्च २०२२ रोजी एक ब्रह्मोस चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले. कोणी दगावले नाही. हवाई दलाच्या चौकशीत ठरलेली कार्यपद्धती मोडल्याचे निष्पन्न झाले आणि ऑगस्टमध्ये तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केले गेले. या घटनेवर आपल्याकडे विनोद झाले, चिडचिड झाली, पण रचनेच्या अंगाने विचार फारसा झाला नाही. जे अस्त्र समोरच्याला वेळ देत नाही, ते सोडणाऱ्यालाही देत नाही. काही मिनिटांत कोण कुणाला फोन करणार आणि काय पटवून देणार? त्या दिवशी सीमेपलीकडच्या माणसांनी संयम पाळला, हे आपले नशीब. मे २०२५ च्या ऑपरेशन सिंदूरनंतर पंतप्रधानांनी जाहीर सभांतून ब्रह्मोसचे नाव घेतले आणि देशभर त्याचा जयघोष झाला. फिलिपिन्सने २०२२ मध्ये करार करून ते विकत घेतले, एप्रिल २०२४ मध्ये पहिली खेप पोचली. जयघोष समजू शकतो. तरी त्या गुळगुळीत नळीकडे पाहताना मियाँ चन्नू मनातून जात नाही.

गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या डिचोलीकरांना तेगची ती चाचणी आठवत नसेल, तर त्यांना दोष देता येणार नाही. ती झाली ७ ऑक्टोबर २०१२ ला. दोनच दिवस आधी, ५ ऑक्टोबरला, सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातले खाणकाम थांबवले होते. राज्य सरकारने तर ते सप्टेंबरातच स्थगित केले होते. ट्रक उभे होते, सारमानसच्या धक्क्यावर बार्ज रिकामे होते, आणि कर्जाचे हप्ते कुणासाठी थांबत नव्हते. आकाशात काय उडाले हे कोण बघणार? पिढ्यान्‌पिढ्या डिचोलीचा लोहखनिजाचा माल बार्जांतून मांडवीने खाली मुरगावला जायचा आणि तिथून जपानला, चीनला. डिचोलीसाठी मुरगाव म्हणजे माल पोचवण्याचे ठिकाण.

त्याच मुरगावचे नाव आज एका विनाशिकेवर आहे. माझगाव डॉकने बांधलेली ‘आयएनएस मुरगाव’, १६३ मीटर लांब, ७,४०० टनांची, पोटात १६ ब्रह्मोस. गोवा मुक्तीला साठ वर्षे झाली त्या दिवशी, १९ डिसेंबर २०२१ ला, ती पहिल्यांदा सागरी चाचणीसाठी बाहेर पडली. १८ डिसेंबर २०२२ ला नौदलात दाखल झाली. १८ डिसेंबर ही तारीख मुरगाव बंदराला जुनी ओळखीची. १९६१ मध्ये त्याच दिवशी ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या आपल्या युद्धनौकांनी ४.५ इंची तोफांनी पोर्तुगीज ‘अफोंसो दी आल्बुकेर्क’वर मारा केला होता. दोन्ही बाजूंचे गोलंदाज एकमेकांची जहाजे डोळ्यांनी बघत होते. जखमी जहाज किनाऱ्याला लावण्याइतका वेळ पोर्तुगिजांना मिळाला आणि बहुतेक खलाशी वाचले. १४ मे २०२३ रोजी ‘मुरगाव’ने पहिले ब्रह्मोस सोडले आणि ते लक्ष्यावर अचूक लागले, असे नौदलाने कळवले. तिथे सोडणाऱ्याने लक्ष्य डोळ्यांनी पाहण्याचा प्रश्नच नव्हता. साठ वर्षांत समुद्री लढाईतून काय नाहीसे झाले, ते या दोन प्रसंगांत नीट दिसते.

समीक्षक म्हणून निकाल द्यायचा झाला तर असा देईन. रचना म्हणून ब्रह्मोस पहिल्या प्रतीचे आहे; काटकसर, एकसूत्रीपणा आणि अवयवांचे दुहेरी अर्थ यांत त्याच्या जोडीला बसणारी यंत्रे मोजकी. स्वतंत्र निर्मिती म्हणून मात्र त्याला तेवढे गुण मी देणार नाही. लक्ष्य हुडकणारे रडार भारतीय बनावटीचे लागले ते मार्च २०१८ मध्ये, बूस्टर आणि सांगाड्याचे भाग सप्टेंबर २०२० मध्ये. म्हणजे पहिल्या उड्डाणानंतर सतरा आणि एकोणीस वर्षांनी. रॅमजेटची विद्या रेउतोवची, आणि ती उसनी आहे हे म्हणायला आपण लाजू नये.

बाणावलीत ठरलेल्या चार नौकांपैकी ‘तुशिल’ आणि ‘तमाल’ या दोन रशियात बांधून झाल्या आणि दाखल झाल्या. उरलेल्या दोन आमच्या. वास्कोच्या गोवा शिपयार्डात ‘त्रिपुट’चे जलावतरण २३ जुलै २०२४ रोजी झाले, ‘तवस्य’चे २२ मार्च २०२५ रोजी. दोघींवरही ब्रह्मोस असेल.